वरच्या तांड्याची मेलेली विहीर

८ जानेवारी, बुधवार

डॉक्टर म्हणाले, "आडे सर, बीपी चढलाय. राग गिळू नका, वहीत लिहून मोकळे व्हा." चंदाला सांगितलं तर म्हणते, "लिहा बाप्पा, आमच्या कानाले तेवढाच आराम." सख्खी बायको असं बोलते. तर आजपासून ही वही.

रागाला कारण पहिल्याच दिवशी चालत आलं. प्राचार्यांनी बोलावलं. अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिन, वाशीमला जिल्ह्याचं प्रदर्शन, कॉलेजचा प्रकल्प पाहिजेच. गेल्या वर्षी आपण सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी नेला होता आणि शाळेतली पोरं हसली होती, याची त्यांनी आठवण करून दिली. मी म्हटलं, साहेब, वीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवतोय, आता हे तरुणांनी करावं. ते म्हणाले, "तरुण दिलाय ना. फिजिक्सचे नवीन सर."

नवीन सर म्हणजे अठ्ठावीस वर्षांचं पोरगं, नावही नवीनच. दिवसभर मोबाईल उघडून बसतं. म्हणजे खरंच उघडून, स्क्रू काढून.

विद्यार्थी मागितले तर अख्ख्या बी.एस्सी. दुसऱ्या वर्षातून दोन हात वर आले. सुकेशनी, जिच्या तोंडाला कुलूप नाही. आणि रिंकू, बाजारातल्या जैन दुकानदाराची मुलगी, जिच्या तोंडाची किल्लीच हरवलीये. झालं आमचं सैन्य.

१३ जानेवारी, सोमवार

विषय ठरला, तोही सुकेशनीच्या तोंडून. "सर, विहिरीचं पानी रोज पेतो आमी, पन त्यात कोन कोन राह्यते, कधी वळखच नाई झाली."

मला हसू आलं, पण हसलो नाही. पोरांसमोर हसलं की शिस्त संपते. पोरं मला वचकून असतात, ते बरं आहे.

शिरपूरच्या आजूबाजूच्या दहा विहिरी घ्यायच्या. प्रत्येकीचं बाटलीभर पाणी आणायचं, दिवसभर स्थिर ठेवायचं, मग तळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यातले जीव मोजायचे. पाणपिसू हा टाचणीच्या टोकाएवढा प्राणी, पण फवारणीचं औषध पाण्यात उतरलं की सगळ्यात आधी तोच मरतो. म्हणजे विहिरीची नाडीच म्हणा. हे सांगताना मी जरा रंगात आलो असेन, कारण तास संपल्याची घंटा कुणालाच ऐकू आली नाही.

२० जानेवारी, सोमवार

पहिल्या तीन विहिरी झाल्या. नवीननं जुन्या सीडी प्लेअरचं भिंग काढून मोबाईलला बसवलं, मोबाईल जोडला टीव्हीला. थेंब ठेवला आणि पडद्यावर वीतभर पाणपिसू! अंग काचेसारखं, आतलं सगळं उघडं.

सुकेशनी ओरडली, "सर, हिचं काळीज दिसून राह्यलं! धडधड करून राह्यलं पाहा!"

शिपाईसुद्धा घंटा सोडून आत आला. वीस वर्षांत मी हे काळीज शेकडो वेळा पाह्यलंय, पण आज पुन्हा पाह्यलं. नवीनला मी "बरं आहे" एवढंच म्हटलं. बरं नाही, झकास आहे. पण पोरगं शेफारेल.

बाटली भरायचं काम सुकेशनीचं, नोंदी रिंकूच्या. रिंकूचं अक्षर मोत्यासारखं. पहिली विहीर ४१ जीव, दुसरी ३७, तिसरी ५२.

२ फेब्रुवारी, रविवार

आज आठवी विहीर, वरचा तांडा. म्हणजे माझी सासरवाडी. सुकेशनी मामेबहिणीच्या लग्नाला, नवीन शेलूबाजारला वायर आणायला. मी, चंदा आणि रिंकू जीपनं गेलो.

सासूबाई, म्हणजे धुरपताबाई, जावयाला नुसतं पाणी पाजून सोडतील तर शपथ. बाजरीची भाकर, वांग्याची भाजी, वर गुळाचा शिरा. रिंकूनं आपला डबा खाल्ला. मग मी निंबाखाली बाजेवर जरा टेकलो. विहीर तिथून वीस पावलांवर. डोळा लागला असेल-नसेल, पण कान जागे होते. गडगडीचा आवाज येत होता.

एका बाटलीला पोरीनं अर्धा तास लावला. फार टापटिपीची. पिशवीत आपलं जाड पांढरं कापडही घेऊन येते, हात पुसायला असेल. बाटली अशी नितळ की तिला मी शाबासकी दिली. नोंदवहीत "नमुना मार्गदर्शकांच्या समक्ष घेतला" असं लिहून खाली सही केली. पोरगी पहिल्यांदाच हसली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वरच्या तांड्याचा थेंब: शून्य.

पाणपिसू नाही, काही नाही. हिरवे दोन ठिपके तेवढे. मी डोळे पुसून पाह्यलं, नवीननं भिंग पुसून पाह्यलं. विहिरीला लागूनच हरभऱ्याची वावरं आहेत आणि फवारण्या डिसेंबरभर चालल्या होत्या. ज्या पाण्यावर माझी बायको वाढली ते पाणी!

नवीन म्हणाला, "सर, घाई नको. पुन्हा नमुना घेऊ." हे मला शिकवतो. मी तेच म्हणणार होतो.

९ फेब्रुवारी, रविवार

दुसरा नमुनाही रिंकूकडूनच घेतला. त्या विहिरीवर तिचा हात बसलाय, आणि चंदा माहेरी जाणारच होती, तिच्यासोबत पाठवली. मी पेपर तपासत होतो. सही संध्याकाळी केली.

चंदा आल्यावर सांगत होती, "पोरगी लई जपून पानी भरते. अर्धं तं पुन्हा विहिरीत सोडते, तेबी बादली पान्याले टेकवून, हळूच." मी म्हटलं, बाटली विसळत असेल. चंदाला यातलं काय कळणार.

१० फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा शून्य. दोनदा शून्य म्हणजे आता शंकेला जागा नाही.

प्राचार्य खुर्चीतून उठले. "आडे सर, हा तर शोध आहे! ज्वालामुखी कुठं आणि हे कुठं!" त्यांनी स्वतः चहा सांगितला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तांड्यावर जाऊन सांगितलं. सांगायलाच पाहिजे होतं. नाईकांच्या ओट्यावर सगळे जमले. नाईक मदनसिंग म्हणजे तांड्याचे प्रमुख, शब्दाला जपून माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, "पक्कं?"

"दोनदा तपासलं. विहीर मेलेली आहे. हे पाणी पिऊ नका."

एक बाई रडायलाच लागली, तिची सून बाळंत झालीये आठ दिवसांपूर्वी. आता उद्यापासून पाणी खालच्या वावरातल्या बोअरवरून, जाऊन-येऊन दोन किलोमीटर.

सासूबाई उठल्या. "लगन होऊन आली तवापासून पेऊन राह्यली मी हे पानी. पान्यात कायी दिसलं नाई म्हून पानी खराब? मंग दिसलं असतं तं काय म्हनले असते?"

मी म्हटलं, "आई, विज्ञान असंच असतं."

त्या चंदाशी गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, काहीतरी बोलल्या. सासूबाई पोरीशी गोरमाटीत बोलल्या की विषय मी असतो. येताना जीपमध्ये मला मात्र वाटत होतं, चला, आपलं शिकणं एकदा तरी आपल्या माणसांच्या कामी आलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

लिहायला हात धजत नाही.

शेवटची, दहावी विहीर. आम्ही चौघंही होतो. काल हरभरा सोंगताना सुकेशनीचं बोट कापलं होतं, म्हणून बाटली भरायला रिंकू गेली. मी आज झोपलो नव्हतो. विहिरीच्या काठावर उभा होतो. रिंकूनं बादली ओढली, पिशवीतून ते पांढरं कापड काढलं, दुहेरी करून भांड्यावर ताणलं आणि बादली त्यावर रिती केली. खालचं पाणी बाटलीत भरलं.

सुकेशनी किंचाळली, "रिंके! गाळून कायले राह्यली वं?"

रिंकूला प्रश्नच कळला नाही. "पाणी आहे ना," म्हणाली. "पाणी गाळूनच भरतात."

नवीननं हळूच विचारलं, "तांड्यावर पण?"

तिनं हो म्हणून मान हलवली, आणि मग तिला कळलं. ओलं कापड घेऊन काठावरच बसली. लहानपणापासून जिनं न गाळलेलं पाणी पाणीच मानलं नाही, तिच्या हातानं ते आपोआप झालं होतं. घरात जाताना आपण चप्पल काढतो, तेव्हा विचार करतो का?

हे शहाणपण आत्ता सुचतंय. तेव्हा मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. रिंकू रडली. आणि सुकेशनी, जिच्या तोंडाला कुलूप नाही, माझ्याकडं पाहून म्हणाली, "पन सर, तुमी तं समक्ष होते ना?"

१७ फेब्रुवारी, सोमवार

रिंकू कॉलेजला आली नाही.

दिवसभर एकच विचार. अहवालातून आठवी विहीर गाळून टाकली तर? नऊ विहिरींचा प्रकल्प, कोण विचारतंय. तांड्यावर जाऊन म्हणायचं, नवा नमुना घेतला, पाणी सुधारलं, प्या. माझाही मान राह्यला, विहीरही सुटली. प्राचार्यांनी तर बातमी छापायला दिलीये, "मृत विहिरीचा शोध". त्यांचं तोंड कसं पाहू?

चंदाला सांगितलं. ती भाकर थापत होती, थांबली नाही. "मी सांगतलं होतं तुमाले, पानी परत सोडते म्हून."

"आता काय करू ते सांग."

"मले काय कळते यातलं," म्हणाली आणि तव्यावरची भाकर उलटली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा दिवस मोठा.

नवीन म्हणाला, चला रिंकूच्या घरी. मी म्हटलं, तू जा. तो म्हणाला, "ओरडले तुम्ही, सर." गेलो.

दुकानामागं अंगण. रिंकूची आजी कंचनबाई दुपारचं पाणी गाळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बेटी दोन दिवस जेवली नाही. म्हणते, माझ्यामुळं गाव पाण्याला मोताद झालं. सर, पाणी गाळणं हा गुन्हा आहे का?"

नवीननं विचारलं, "आजी, गाळून झाल्यावर कापडावर उरतं त्याचं काय करता?"

"तीच तर जीवाणी!" त्यांनी कापड उलटं केलं, वरून गाळलेलं पाणी ओतून कापड एका तांब्यात निथळलं. "ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत हे जीव परत. वरून फेकायचे नाहीत. बादली पाण्याला टेकवायची आणि हळू सोडायचं, नाहीतर मरतील ना बिचारे."

नवीन माझ्याकडं बघत होता. मी नवीनकडं. अख्ख्या बादलीचे जीव तांब्याच्या बुडाशी! आम्ही बाटलीत थेंब शोधत बसलो होतो, आणि ही बाई रोज दोनदा आमच्यापेक्षा शंभरपट चांगला नमुना घेऊन विहिरीत सोडून देत होती!

"आजी, एक थेंब द्याल?"

"मारणार नाही ना?"

"नाही. बघू, परत देऊ."

नवीनच्या मोबाईलवर थेंब आला. गर्दी! पाणपिसवा, एकडोळे सायक्लोप्स, पोटात अंडी घेतलेल्या माद्या, एकमेकांना ढकलत निघालेले. कंचनबाईंनी चष्मा लावला, मोबाईल जवळ घेतला. किती तरी वेळ बघत राह्यल्या.

"साठ वर्षं सोडतेय यांना," म्हणाल्या. "हे आहेत होय ते."

आणि त्यांनी पडद्याला हात जोडले. मी तोंड फिरवलं, डोळ्यात काही गेलं असेल.

रिंकू दारात उभी होती. म्हणाली, "सर, तांड्यावर मी सांगते. चूक माझी आहे."

"तू गप्प बस," मी म्हटलं. "वहीवर सही माझी आहे." थोडं थांबून म्हटलं, "आणि परवा ओरडलो, ते चुकलं माझं." हे वाक्य मी कॉलेजात कधीच बोललेलो नाही. फार काही झालं नाही, छत पडलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तांड्यावर सगळे गेलो. आधी विहिरीचं पाणी कापडातून गाळलं, शाळेच्या टीव्हीवर थेंब लावला. पंच्याहत्तर मोजले आणि पुढं मोजणं सोडलं. पोरं टीव्हीला चिकटली, बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या.

मग मी उभा राह्यलो. आदल्या दिवशी भाषण लिहून ठेवलं होतं, "तांत्रिक त्रुटी" वगैरे. कागद खिशातून निघालाच नाही. सरळ म्हटलं, "विहीर जिती आहे. मेलं होतं ते माझं लक्ष. पोरगी पाणी भरत होती तेव्हा मी सासूबाईंचा शिरा खाऊन झोपलो होतो, आणि जागा होतो असं दाखवून सही केली. नऊ दिवस तुमच्या बाया उन्हातून पाणी वाह्यल्या. दोष माझा आहे."

मग सासूबाई पहिल्यांदा हसल्या आणि मागोमाग अख्खा तांडा. हसणं थांबेचना. त्या रडणाऱ्या बाईनं विचारलं, "मंग हे किडे पेऊन सुनंले कायी होत नाई ना?" मी सांगितलं, हे जीव म्हणजे पाण्यात औषध उतरलं नसल्याची खूण, तरी पाणी गाळून प्या, आणि बाळंतिणीला उकळून द्या. एक म्हातारी म्हणाली, "नारूच्या साथीच्या वक्ताले गाळत होतो आमी. मंग सुटलं." रिंकू पुढं झाली आणि त्यांना कापड दुहेरी कसं धरायचं ते दाखवायला लागली. बोलत होती! न थांबता!

नाईक म्हणाले, "जावाई असला तरी दंड लागन." तांड्याचा रिवाज आहे, चुकीला दंड. त्यांनी बायांनाच विचारलं, काय घ्यावं. बाया कुजबुजल्या आणि सासूबाईंनी निकाल दिला, "नऊ दिवस आमी वाह्यलं. आता एक दिवस जावाई वाह्यतीन. चौतीस घरं. दर घराले दोन गुंड पानी." गुंड म्हणजे पाण्याची मोठी घागर.

२३ फेब्रुवारी, रविवार

खांदे गेले, कंबर गेली, हात लिहायला तयार नाही. तरी लिहितो.

सकाळी सातला विहिरीवर गेलो तर नवीन, सुकेशनी, रिंकू आधीच हजर. सोबत वर्गातली आणखी अकरा पोरं. मी म्हटलं, मजा बघायला आलात का? सुकेशनी म्हणाली, "हाव सर, तुमाले कधी काम करताना पाह्यलं नाई ना." आणि गुंड उचलून चालायला लागली. दंड मला एकट्याला होता, पण ऐकतं कोण. माझा यांच्यावर वचक उरलेला नाही, हे आता नक्की.

दहा वाजता प्राचार्य आले. मी खरं सांगितल्यावर बातमी त्यांनी मागं घेतली होती आणि त्याबद्दल मला सुनावायलाच आले होते. दोन मिनिटं उभे राह्यले, मग बाह्या सरसावून गडगडीला लागले. चांगलं ओढतात.

प्रत्येक घरी गुंड उतरवला की कुणी गूळ हातावर ठेवायचं, कुणी ताक. बाळंतिणीच्या घरी बाळ दाखवलं. शेवटचं घर सासूबाईंचं. त्यांनी गुंडावर फडकं ताणून ठेवलं होतं, दुहेरी. मी पाणी ओतलं. त्यांनी गाळलेलं भांडंभर पाणी मला आधी दिलं, मग स्वतः प्यायल्या. चंदा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "दमले?" मी म्हटलं, लई. मला इतकं बरं किती वर्षांत वाटलं नव्हतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

वाशीम. प्रदर्शनात आमचा फलक: "कापड, विहीर आणि आत राहणारे". दहाही विहिरी कापडानं पुन्हा तपासल्या, नवे आकडे लावले. मधोमध रिंकूच्या अक्षरात, हातभर मोठं: "आमची चूक". त्याखाली सगळं, माझ्या झोपेसकट. हा आग्रह पोरींचा. मी दोनदा म्हटलं, झोप तरी लहान अक्षरात लिहा. ऐकलं नाही.

अकरा वाजता बाहेर जीप थांबली आणि तांड्यावरच्या नऊ बाया उतरल्या, पुढं सासूबाई. कंचनबाई रिंकूसोबत आधीच आलेल्या. दोघी स्टुलांवर बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला थेंब दाखवायला लागल्या. मला उभं राहायला जागा नव्हती.

परीक्षक आले, मोठ्या कॉलेजातले, चष्म्यावरून बघणारे. सगळं वाचलं. मला म्हणाले, "पद्धत सुंदर आहे. पण ही चूक एवढी मोठी करून का लावली? वगळली असती तर कुणाला कळलं नसतं. यानं गुण जातात, सर."

मी उत्तर जुळवत होतो. विज्ञानातला प्रामाणिकपणा वगैरे. पण सासूबाई स्टुलावरून उठल्या.

"सायेब, वगळली असती तं आमी कोनाच्या भरोशावर पुन्हा त्या विहिरीचं पानी पेलो असतो?"

परीक्षकांनी हातातला कागद खाली केला. मग म्हणाले, "बाई, मला दाखवता का थेंब?"

सासूबाईंनी त्यांना आपल्या स्टुलावर बसवलं.